करंट आणि खसखशीएवढे मणी

मामा गेले तेव्हा मी आठवीत होते. विहिरीवरची मोटार चालू करायला ते ओल्या पायांनी गेले आणि स्टार्टरच्या पेटीलाच चिकटले. तेव्हापासून आमच्या धामणगावच्या घरात कुणी बटण दाबलं की आई आधी त्याच्या पायांकडे पाहायची, चप्पल आहे की नाही म्हणून.

आणि मी एम.एस्सी.ला बुलडाण्याला गेले, तर माझ्या वाट्याला नेमकं विजेचंच काम आलं.

त्या काळात आमच्याकडे सगळीकडे बीटी कपाशी होती, आणि बोंडं भरायच्या वेळी अन्न कमी पडून पानं लाल पडायची. वडील संध्याकाळी शेतातून आले की खिशातली लाल पानं ओट्यावर मांडायचे. माझं काम पाहणारे सर म्हणाले, मुळांना अन्न मिळवून देणारे जिवाणू आपल्याकडे आहेत, पण नुसते मातीत टाकले तर उन्हानं मरतात. त्यांना घर करून द्यायचं. शेवाळापासून काढलेल्या चिकट द्रावणात जिवाणू मिसळायचे आणि ते सुईतून कॅल्शियमच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. पाण्यात पडताच थेंबाचा मऊ मणी होतो. पण नुसता सोडलेला थेंब भिजलेल्या साबुदाण्याएवढा पडायचा, आणि त्याच्या पोटातले जिवाणू गुदमरायचे. सुईला काही हजार व्होल्टचा दाब दिला की वीज थेंबाला खाली ओढून घेते. मग खसखशीएवढे मणी पडतात.

पहिल्या दिवशी यंत्राचा लाल दिवा लागला आणि माझे तळहात ओले झाले. सुईच्या टोकाशी थेंब लांबट व्हायचा, थरथरायचा आणि तुटायचा. मला मात्र मामांची बोटं दिसत होती.

माझ्यासोबत मलकापूरची एक मैत्रीण होती. तिच्या अब्बांचं कापडाचं दुकान होतं. तिला माझी भीती ठाऊक होती. यंत्र बंद केल्यावर ती दरवेळी मोठ्यानं सांगायची, "बंद केलं हां, देख ले."

उन्हाळ्यातल्या एका दुपारी लाइट गेली. सुई तुंबली होती. मी यंत्राचं बटण बंद केलं, ते बंदच आहे ना हे पुन्हा एकदा पाहिलं आणि चिमट्यानं सुई काढायला गेले. तेवढ्यात लाइट आली आणि पंखा फिरायला लागला.

"हात मागं!" मैत्रीण ओरडली.

चट् असा आवाज झाला. चिमटा कुठल्या कुठे उडाला आणि खांद्यापर्यंत हात माझा राहिला नाही. मी खाली बसले. बटणाच्या आतला पत्रा चिकटलेला होता, वरून ते बंद दिसत होतं एवढंच. यंत्रातून प्रवाह अगदी थोडा यायचा, म्हणून मी वाचले. हे सर नंतर समजावत होते आणि मी मान हलवत होते. कानात काही शिरत नव्हतं.

मी घरी निघून आले. आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण भाकरी मी डाव्या हातानं मोडत होते. तिनं माझा उजवा हात धरला.

"करंट लागला ना वं तुले?"

मी रडले. ती रडली नाही. "माह्या भावाले खाल्लं त्यानं. आता तू काऊन त्याच्या तोंडात हात घालून राह्यली?"

"आई, वावरासाठीच करतो ना."

तिनं तव्यावरची भाकरी उतरवली. मग म्हणाली, "मले दाखव ते."

मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी ती बाजार सोडून माझ्यासोबत एस.टी.त बसली. प्रयोगशाळेत तोवर नवीन बटण आलं होतं. टोकाला धातूचा आकडा आणि त्याला जमिनीत गेलेली तार असलेली एक लाकडी काठीही आली होती. सुईला हात लावण्याआधी काठीचं ते टोक सुईला टेकवायचं, म्हणजे उरलेली वीज जमिनीत जाते. आई दारातच उभी राहिली, पदर दातात धरून. मी काठी टेकवली.

"गेला का सगळा?" तिनं विचारलं.

"हो, काकू, गेला," मैत्रीण म्हणाली.

मी सुईला हात लावला. मग आईनं बशीतले मणी पाहिले.

"यात जीव हाये?"

"हाये."

"मंग वावरात टाकल्यावर तो काय करीन? वावराले काही होणार तं नाही ना? बीटीचं बियाणं घेतलं तवाही सगळे चांगलंच म्हणत होते."

मी शेजारी उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "नाही होणार, ताई. हे जिवाणू मातीतलेच आहेत." तरी मला एक नवीच भीती वाटली. करंटची भीती माझ्यापुरती होती. ही साऱ्या घराची होती.

पेरणीला आम्ही कोपऱ्यातल्या चार तासांत, म्हणजे ओळींत, मणी घातले. पुढे रोज सकाळी आधी आई त्या तासांकडे जाऊन पाहायची. काही दिवसांनी मी एक रोप उपटलं, प्रयोगशाळेत नेऊन मुळाला चिकटलेला मणी चिरडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत जिवाणू वळवळत होते, भरपूर. मी आनंदानं आणि धास्तीनं तशीच बसून राहिले.

त्या वर्षी पानं शेवटी तिथंही लाल पडली, जरा उशिरा. मण्यांमुळे की त्या कोपऱ्यातल्या ओलीमुळे, मला सांगता येईना. आईला मी तसंच सांगितलं.

"पुढच्या साली जास्त तासांत टाकू," ती म्हणाली. "पण त्या सुईले पहिले मी हात लावून पाहीन, तू नाही."