सुलोचनाबाईंची फर्माईश

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. रेडिओचा फर्माईशी गाण्यांचा कार्यक्रम एकदा जिल्ह्याच्या नाट्यगृहात, लोकांसमोर होणार होता. आईने फर्माईशीचं पोस्टकार्ड लिहून पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. मी कॉलेजात होतो. कार्डाखाली ना बाबांचं नाव होतं, ना आम्हा मुलांचं, फक्त 'सुलोचना'. घरात तिला या नावाने कोणीच हाक मारत नसे. मित्र ऐकतील, हसतील, म्हणून मी ते फाडून टाकलं.

मग कार्यक्रमाच्या दिवशी काकांच्या जीपमधून सगळे गेलो. "वहिनी, लग्नाला निघालात की काय?" काका चिडवत होते. निवेदिका एकेक नाव वाचायची आणि दर वेळी आई पदर सारखा करायची. परतताना म्हणाली, "पोस्टात गहाळ झालं असेल. तू टाकलं होतंस ना रे?" मी "हो" म्हणालो.

नाव आपलं असलं, तरी ते कानावर पडायला दुसऱ्याचं तोंड लागतं.

आता आईला ऐकू येत नाही. काल दवाखान्यात नेताना गाडीतला रेडिओ लावला. त्याचा दिवा लागलेला पाहून तिने पदर सारखा केला. मी मोठ्याने म्हणालो, "सुलोचना." ती समोरचा रस्ता बघत राहिली.

कागदावर लिहून दाखवता येईल. पण लिहिलं तर तिनेही होतं. तिला ते ऐकायचं होतं. तेवढं एक नाव मी तिचं देणं लागतो.