आईने बांधलेल्या पुरचुंड्या

नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनजवळ बेस्ट नावाचं गाव आहे, तिथल्या आमच्या स्वयंपाकघरातलं सगळ्यात खालचं कपाट आईच्या पुरचुंड्यांनी भरलेलं होतं. पुण्याहून कुणीही आइंडहोवेनला यायला निघालं, की आई त्याला गाठायची. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातली नवी जॉइन होणारी, धड ओळखही नसलेली पोरंसुद्धा तिच्या तावडीतून सुटली नाहीत. जुन्या साडीचा तुकडा, त्यात मेतकूट नाहीतर गोडा मसाला, आणि वर तिची ती गाठ. एक टोक आत खोचलेलं, दुसरं बोटभर बाहेर.

"तुझी नखं कुरतडलेली असतात मेली," ती म्हणायची, "म्हणून एका ओढीत सुटेल अशी बांधते."

आणि मी? मी त्यातल्या निम्म्याहून जास्त सोडल्याच नाहीत. इथल्या इंडियन दुकानात सगळं मिळतं, शिवाय दिवसभर स्टुडिओत मांडणशिल्पं करून आल्यावर स्वयंपाक करायचा मला कंटाळा. आईने फोनवर विचारलं, "मेतकूट कसं झालंय?" की मी म्हणायचे, "मस्त!" खोटं बोलताना जीभ जराही अडखळायची नाही.

पहिल्या लॉकडाउनमध्ये खेमेंतेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, भाड्याने दिलेला माझा स्टुडिओ बंद झाला. बंद पडलेल्या शाळेतला एक वर्ग होता तो. घरी बसून करणार काय? कपाट आवरायला काढलं, तर एकतीस पुरचुंड्या निघाल्या. बत्तिसावी वर ओट्यापाशी होती. त्या एकतीस मी दोऱ्यांनी छताला टांगल्या, डोक्याला लागतील इतक्या खाली. मधून चालायचं तर वाकावं लागत होतं, आणि मसाल्याचा वास अंगावर यायचा. फोटो लंडनच्या एका छोट्या गॅलरीला पाठवले. तिथल्या क्युरेटर बाईंनी उत्तरात तीनदा 'लव्हली' लिहिलं. त्यांचं लव्हली म्हणजे आपलं 'बरं बरं', हे मला तोवर कळलं होतं. पण बाईंनी ते काम खरंच प्रदर्शनासाठी घेतलं.

आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं, मसाला खायचा असतो, टांगायचा कसला?" पण शेजारीपाजारी सांगून आली.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! कोविड होताच, वर ब्रेक्झिट. खोक्यात खाण्याची वस्तू, म्हणजे कागदांचा हा ढीग. मला जाता येणार नव्हतं, त्यांची माणसंच सगळं मांडणार होती. बाईंनी कॉलवर नीट विचारलं, "आत किडे नाहीत ना ते तपासायला पुरचुंड्या सोडाव्या लागतील. गाठी महत्त्वाच्या आहेत का?"

आपल्याकडे कुणी साडीचं कौतुक केलं, की आपण "छे, जुनीच आहे" म्हणून मोकळे होतो. तीच सवय नडली. मी हसून म्हटलं, "छे हो, गाठीत काय एवढं? सोडा खुशाल. परत कशा बांधायच्या ते आई दाखवेल." आईला विचारलंही होतं. "सोडू देत की," ती म्हणाली होती, "व्हिडिओवर दाखवीन त्यांना. तूही शीक जरा." मी म्हटलं, नंतर, आत्ता मीटिंग आहे.

खोकं लंडनला पोचलं, आणि गॅलरीच बंद झाली. ती उघडेपर्यंत पुण्यात दुसरी लाट आली. आईला हॉस्पिटलात बेड मिळाला, सात दिवस ती तिथे होती. मला विमान मिळालं नाही. पुण्यात असलेल्या माझ्या भावालाही स्मशानात तिला लांबूनच दाखवलं. मी इथे सोफ्यावर बसून फोनमध्ये पाहिलं, आणि मध्येच नेट गेलं. त्याचा राग मला अजून येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही.

नंतर मांडणीचा कॉल आला. बाई मनापासून हळहळल्या, शो पुढे ढकलू का म्हणाल्या. मीच नको म्हटलं. मग त्यांच्या टेक्निशियनने टेबल दाखवलं. एकतीस फडकी ओळीने सपाट पसरलेली, प्रत्येकावर नंबर, शेजारी मसाल्याची पिशवी. सोडण्याआधी त्याने प्रत्येक गाठीचा चारही बाजूंनी फोटो काढला होता. फार नेकीने काम केलं होतं बिचाऱ्याने. पण फोटोत गाठ दिसते, हात कसा फिरला ते दिसत नाही. आदल्या दोन दिवसांत त्याने पन्नासदा करून पाहिलं होतं, पण तशी जमत नव्हती. "तुम्ही दाखवाल का?" त्याने विचारलं.

मला येत नव्हती. माझ्या आईची गाठ मला येत नव्हती, हे मी एका परक्या माणसाला इंग्रजीत सांगितलं.

मग बत्तिसावी आठवली. ओट्यापाशी गोड्या मसाल्याची, तिची शेवटची. हळूहळू सोडली तर ती सुटताना बघून उलट क्रमाने बांधता येईल, असं त्याचं म्हणणं. मलाही पटलं. लॅपटॉप ओट्यावर ठेवला. बाहेरचं टोक दोन बोटांत धरलं, आणि जरा जोरातच ओढलं गेलं.

सुटली. एका ओढीत. ती म्हणायची तशीच.

"सॉरी," तो म्हणाला, "फार पटकन झालं. परत एकदा दाखवता का?"

मी म्हटलं, "नाही दाखवता येणार. ती फडकी आहेत तशीच टांगा, उघडी." त्यांनी टांगली. शो ऑनलाइन झाला, लोकांनी लव्हली म्हटलं. फडक्यांवर राहिलेल्या गाठींच्या चुण्या कुणाला दिसल्या की नाही, देव जाणे.

त्या दिवशी कॉल संपल्यावर मी तोच मसाला घालून आमटी टाकली. मसाला दोन वर्षांचा जुना, तरी घरभर वास सुटला. ओट्याशी उभ्याने दोन वाट्या प्यायले आणि सवयीने फोन हातात घेतला. मस्त झालाय, एवढंच तिला सांगायचं होतं. या वेळी ते खरं होतं.