वाळुंजीच्या फांद्या

कोडोलीच्या फाट्यावर एस.टी. थांबली तेव्हा माझी थोरली नणंद, आक्का, कोयता आणि भिजवलेलं पोतं घेऊन उभीच होती. ओढ्याकाठी विजेच्या मोटारी नुकत्या बसू लागल्या होत्या, ते दिवस. आदल्या पावसाळ्यात ओढ्यानं तिच्या उसाच्या रानाचा काठ तोडून नेला होता आणि मोटारीची खोली अगदी कडेवर आली होती. ऊस आणखी दोन सऱ्या बसावा म्हणून घरच्यांनी काठावरची झाडं काढली, त्याचं हे फळ, असं आक्काचं म्हणणं. पुन्हा झाडं लावायची होती. वाळुंजीची नुसती फांदी रोवली तरी रुजते, म्हणून तिच्या फांद्या आणायला आम्ही दोघी ओढ्यानं वर निघालो.

हिवाळ्याचं कोवळं ऊन होतं. पाणी घोट्याएवढं, लांबवर जोतिबाचा डोंगर. निरगुडी मला ओळखता आली: एका देठाला पाच पानं, चुरगळली की उग्र वास. लव्हाळ्याची काडी बोटांत फिरवली की तिच्या तीन कडा लागतात. वाळुंज मात्र सापडेना. लांबट पानांचं एक झाड बघून मी हरखले, तर आक्कानं त्याचं पान उलटून दाखवलं. दोन्हीकडून हिरवंच होतं. वाळुंजीचं पान खालून पांढुरकं असतं, असं तिनं सांगितलं.

पुढं तोल सावरायला मी एका वेलीला हात घातला. ती निघाली खाजकुइली. आक्कानं हाताला शेण चोळलं, तरी बराच वेळ मला दुसरं काही सुचेना. मग उंबराखाली बसून भाकरी आणि हरभऱ्याची भाजी खाल्ली, तेव्हा जरा बरं वाटलं.

वळणावर वाळुंजींची दाटी दिसली. वारा आला की पानं उलटायची आणि सगळा काठ पांढरा व्हायचा. इथं माती कुठंच तुटलेली नव्हती. केसांसारख्या मुळ्यांनी ती धरून ठेवली होती.

"ओ पावणं, कोयता खाली ठेवा," बांधावरून आवाज आला. रानाचा मालक होता, एक उंच म्हातारा.

आक्कानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तुमच्या पलीकडचा काठ कुणाचा, म्हणून विचारलं. जावेचा, एवढंच आक्का म्हणाली. ती जाऊ म्हणजे सुशीला. वाटण्या झाल्यापासून दोघी बोलत नव्हत्या.

"मग फांद्या न्हाय मिळायच्या," म्हातारा म्हणाला. "तुमचा काठ घट्ट झाला की पाणी तिचं रान खाईल. दोन्हीकडं लावणार असाल तर न्या."

आक्कानं भिजवलेलं पोतं खाली पसरलं. मग म्हणाली, "द्या."

परत आल्यावर तिनं पोतं आधी पलीकडं नेलं. सुशीला गोठ्यापुढं उभी होती.

"तुझ्या काठाला बी फांद्या लावू व्हय?" आक्कानं विचारलं.

सुशीला वळून घरात गेली. आक्काचा चेहरा उतरला. तेवढ्यात सुशीला पहार घेऊन बाहेर आली आणि काठावर पहिलं भोक तिनंच पाडलं.

आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही. दोन्ही घरांतून हाका आल्या, पण काम टाकून कुणी उठलं नाही. त्या दिवशी आम्ही तिघीही उपाशीच झोपलो.

सकाळच्या गाडीनं मी कोल्हापूरला निघाले. वाटेत दिसेल तो ओढा खिडकीतून बघत होते. कुठं ऊस थेट पाण्यापर्यंत आलेला, कुठं झाडी राखलेली. ओढ्याचा काठ म्हटलं की आजवर मला एकच दिसायचा, आपण उभे असतो तो.

पुढच्या पावसाळ्यानंतर आक्काचा निरोप आला. काही फांद्या वाहून गेल्या होत्या, बाकीच्यांना चांगला फुटवा आला होता. गेलेल्यांच्या जागी नव्या लावायला सुशीलेनं तिला बोलावलं होतं.