प्रमिलाबाईंनी सोसलेला आळ

श्रीमती प्रमिलाबाई शेंडे यांची आणि माझी पहिली भेट नगर पंचायतीच्या पायऱ्यांवर झाली. माझ्या एका हातात पेढ्यांचा डबा होता आणि दुसऱ्या हातात अनुकंपा तत्त्वावरच्या नेमणुकीचा आदेश. वडील याच कार्यालयात शिपाई होते. ते गेल्यावर दोन वर्षांनी मला लिपिकाची खुर्ची मिळाली होती. बाई तेव्हा सिंदेवाहीहून नुकत्याच बदलून आलेल्या कार्यालय अधीक्षक. त्यांनी पेढा घेतला, अर्धा मोडून दारावरच्या शिपायाला दिला आणि मला विचारलं, "तुमचं अक्षर कसं आहे?" मी म्हटलं, "ठीक आहे, मॅडम." त्या म्हणाल्या, "मॅडम नको, बाई म्हणा. अक्षर ठीक असेल तर आवक सांभाळा." म्हणजे बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या हाती, मग साहेबांच्या. वयानं निम्म्या पोराला त्या अहो-जाहो करत होत्या, ते कानाला जरा विचित्रच वाटलं.

बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यांना निवृत्त होऊनही दोन वर्षं झाली. या गौरवग्रंथासाठी समितीनं मला पत्र पाठवलं की, एक-दोन प्रसंग घालून चार पानं लिहा. तीन वेळा लिहिलं आणि तिन्ही वेळा फाडलं. लिहायला बसलो की माझा पाय हलायला लागतो. बायको म्हणते, "पाय नका हालवू, घरात दळिद्र येतं." मी पाय थांबवतो, तर हात थांबतो. गोड लिहायला हरकत नाही, बाईंबद्दल गोड लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण ते लिहून मी मोकळा होतो आणि मग मलाच माझी लाज वाटते. आता हा चौथा खर्डा, आणि हा मी फाडणार नाही.

आधी बाईंच्या कामाबद्दल सांगतो. सरकारी कागदात माणूस शिरला की त्याचा 'सदर इसम' होतो, आणि त्याला दिलेल्या शिव्यांची 'अर्वाच्य भाषा' होते. बाईंना हे खपत नसे. कुणाचा जबाब घ्यायचा तर त्या त्याच्या तोंडचं जसंच्या तसं लिहून घेत, मग त्याला वाचून दाखवत आणि मगच सही घेत. 'मले' म्हटलं तर 'मले'च. एकदा जंगलाकडच्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, एक म्हातारे गोंड गृहस्थ बायकोच्या मृत्यूची नोंद करायला आले. त्यांना मराठी जेमतेम. आमच्यातल्या एकानं त्यांना "उद्या या" म्हणून वाटेला लावलंच होतं. बाईंनी पाणीपुरवठ्याच्या मडावींना बोलावलं, गोंडीत विचारायला लावलं आणि स्वतः शेजारी बसून लिहून घेतलं. मृत्यूचं ठिकाण या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'मोहाच्या झाडाखाली'. साहेब म्हणाले, "हे काय लिहिलंत?" बाई म्हणाल्या, "त्या मोहफुलं वेचायला गेल्या होत्या साहेब, तिथंच गेल्या. मी दवाखाना कुठून आणू?" साहेबांनी सही केली.

माया करण्याची त्यांची रीतही अशीच सरळ होती. माझ्या आईला डेंग्यू झाला तेव्हा मी अकरा दिवस दवाखान्यात होतो. परत आलो तर माझ्या टेबलावर एक कागद पडून नव्हता, सगळी आवक बाईंनी स्वतः नोंदवहीत चढवलेली. मी आभार मानायला गेलो, तर त्यांनी रजेचा अर्ज पुढं केला. "अकरा दिवस मांडलेत, सही करा." काम केलं ते वेगळं आणि रजा ती रजा. रागच आला होता मला तेव्हा, खोटं कशाला बोलू? पण त्याच संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या, आईच्या उशाशी बसल्या आणि भाताची पेज स्वतः करून तिला पाजली.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

आमचे एक नगरसेवक होते. नाव लिहीत नाही, गावात कुणाला विचारायची गरज पडणार नाही. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही म्हणतो. माझी अनुकंपेची फाइल जिल्ह्याला अडकली होती, तेव्हा हे भाऊ स्वतःच्या मोटारसायकलवर तीनदा गडचिरोलीला गेले आणि ती हलवून आणली. तो उपकार खरा आहे, आजही खरा आहे. त्यामुळे ते रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन बसत, मी चहा मागवे, आणि चहा होईपर्यंत ते आवक नोंदवही चाळत. "काय नवीन आलं बाबू?" यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नसे. माझ्या आधीच्या लिपिकाचंही तसंच होतं. घरी आलेल्या पाहुण्यापुढं पानाचं तबक सरकवावं, तशी आम्ही नोंदवही सरकवत होतो.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्याच वॉर्डात नसीमबाई राहतात. गाद्या-रजया भरायचं आणि शिवायचं काम, नवरा लवकर गेला, एक मुलगी. नवीन नाली त्यांच्या घराच्या अलीकडे येऊन थांबली होती आणि सगळ्या गल्लीचं घाण पाणी त्यांच्या दारात साचत होतं. भाऊ गल्लीत आले तेव्हा नसीमबाईंनी विचारलं, नाली इथी काऊन थांबली? भाऊंनी नालीचं उत्तर दिलं नाही. सगळ्या गल्लीसमोर ते त्यांच्या विधवापणावर बोलले, त्यांच्या घरी कोण येतं-जातं यावर बोलले. आत मुलीला पाहायला आलेले पाहुणे बसले होते आणि त्यांनी शब्दन् शब्द ऐकला.

दुसऱ्या दिवशी नसीमबाई तक्रारीचा अर्ज घेऊन कार्यालयात आल्या. चौकशी करून जिल्हाधिकाऱ्यांकडे अहवाल पाठवायचं काम साहेबांनी बाईंकडे दिलं. भाऊंबद्दल आधीही दोन तक्रारी झाल्या होत्या आणि दोन्ही 'अर्वाच्य भाषा' या दोन शब्दांत मरून गेल्या होत्या. बाईंनी या वेळी नसीमबाईंचा जबाब ते घाणेरडे शब्द न गाळता लिहून घेतला. लिहिताना नसीमबाई दोनदा थांबल्या. बाई म्हणाल्या, "लाज त्यांची आहे, तुमची नाही. बोला." मग त्यांनी शब्द दिला की नोटीस निघेपर्यंत हा कागद आपल्या कपाटाबाहेर जाणार नाही. नसीमबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, हे मी माझ्या टेबलावरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाईंना जिल्ह्याला बैठकीला जायचं होतं. निघताना त्यांनी त्या जबाबाचा लिफाफा माझ्याकडे दिला. "नुसतं 'गोपनीय' म्हणून चढवा, माझ्या कपाटात ठेवा, कुलूप लावा." मी तसं चढवलं. कुलूप लावणार, तोच भाऊ आले.

चहा मागवला. त्यांनी पान उलटलं, 'गोपनीय' या शब्दावर बोट ठेवलं आणि हसून म्हणाले, "हे काय हाय बाबू? माह्यावरच आहे का?" मी लिफाफा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी धमकावलं असतं तर आज मला जरा बरं वाटलं असतं. त्यांनी मागितलाही नव्हता. चहा संपेपर्यंत त्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "चांगलं केलं तू."

त्याच संध्याकाळी भाऊ गल्लीतली दोन वजनदार माणसं घेऊन नसीमबाईंच्या घरी गेले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "पोरीची सोयरीक जुळून राह्यली, अशा टायमाले बोभाटा कायले करता?" तिसऱ्या दिवशी नसीमबाईंचा दुसरा अर्ज आला. तक्रार गैरसमजातून केली होती, मागे घेत आहे.

बाईंनी तो वाचला आणि मला म्हणाल्या, "फाइल घ्या, चला." नसीमबाईंनी आम्हाला आत घेतलं नाही. दारातच म्हणाल्या, "बाई, तुमी मले जबान देल्ली होती. माहे बोल तुमी त्यालेच वाचाले देल्ले?" मी बाईंच्या मागे फाइल छातीशी धरून उभा होतो. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "कागद माझ्या ताब्यात होता. चूक माझी आहे." नसीमबाईंनी दार लावून घेतलं.

कार्यालयात आल्यावर बाईंनी माझा जबाब घेतला. लिफाफ्यातला कागद कुणाला दाखवला का? माझी नोकरी परिविक्षेवर होती, पक्कं व्हायला चार महिने राहिले होते, घरी आई. मी खरं बोललो असतो तर तक्रार उभी राहिली असती, कारण कागद भाऊंपर्यंत कसा पोचला याचा मी एकटाच साक्षीदार होतो. मी म्हणालो, "नाही." बाईंनी लिहिलं, 'मी तो कागद कोणालाही दाखवला नाही.' मला वाचून दाखवलं. मी सही केली. त्यांनी टोपण लावलं आणि म्हणाल्या, "जा, जेवून घ्या. दोन वाजून गेले."

अहवालात बाईंनी लिहिलं की तक्रारदारावर दबाव आला असावा, आणि कागद फुटल्याची जबाबदारी आपली आहे. वर जिल्ह्याला तक्रार निकाली निघाली. भाऊंना काही झालं नाही. बाईंच्या सेवापुस्तकात ठपका चढला, आणि तो टाइप केला तो मीच. चार महिन्यांनी मी पक्का झालो. त्या दिवशी पेढे वाटायची माझी हिंमत झाली नाही, पण बाईंनी आपणहून अभिनंदन केलं. त्यांना ठाऊक होतं का? मला वाटतं, होतं. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी रोज, 'आज सांगतो' म्हणत नऊ वर्षं काढली. अशी गोष्ट एक दिवस राहिली की दुसऱ्या दिवशी तिचं वजन दुप्पट होतं.

या ग्रंथाच्या प्रकाशनाचा कार्यक्रम आहे आणि त्याच्या स्वागत समितीत भाऊ आहेत. परवा रस्त्यात भेटले, म्हणाले, "बाईवर लेख लिहून राह्यला म्हने? मस्त लिही." आमंत्रणपत्रिका घेऊन गेलेल्या मुलींनी सांगितलं की नसीमबाईंनी पत्रिका हातात घेतली नाही. म्हणाल्या, त्या बाईच्या कार्यक्रमाले मी नाई येत. ते ऐकल्यापासून मला एका जागी बसवेना.

गेल्या रविवारी मी नसीमबाईंकडे गेलो. त्या गादी टाचत होत्या. मी उभ्यानंच सांगून टाकलं, "तुमचा कागद बाईंनी नाही दिला. मी दिला होता."

त्यांनी टाका पुरा केला. मग म्हणाल्या, "त्या दिशी तू बाईच्या मांगं उभा होता. फाइल धरून."

"हो."

"अन् बाईनं चूक आपल्यावर घेतली, ते तू आयकून राह्यला होता."

"हो."

"बाजारात समोरून बाई आली की मी तोंड फिरवत होती. नऊ साल. बाई दर खेपी थांबे, माह्याकडे पाहे, अन् निंघून जाय. मले वाटे, काय बेशरम बाई आहे, अजून थांबते." त्यांनी सुई गादीत खुपसली. "आता हे नऊ साल मले कोन वापस देईन? तू देशीन?"

मी म्हणालो, "माफ करा."

"माफी मले नोको मांगू. तिले मांग."

कार्यक्रमाला याल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तिथी तो खुर्चीवर बसला राहीन. त्याच्यासमोर मी काऊन येऊ? मी तिच्या घरी जाईन. एकटी जाईन. कोनत्या दिशी जाईन, ते तुले सांगनार नाई."

बाई, हा माझा खरा जबाब. आपल्याला तोंडी सांगायचं धाडस नव्हतं म्हणून छापायला देतो आहे, आणि भाऊंनीही तो वाचावा. कार्यालयात यावरून जी कारवाई होईल ती होवो. आपली माफी मागायला मी घरी येईनच, पण नसीमबाई येऊन गेल्यावर. त्यांचा नंबर माझ्या आधी आहे.

त्या कोणत्या दिवशी येतील ते मला ठाऊक नाही. म्हणून प्रमिलाबाईंना धडधाकट प्रकृती आणि पुष्कळ, पुष्कळ दिवस लाभोत.