तुळईला टांगलेल्या भिंती

कट्टा गावाजवळचा बंद पडलेला काजूचा कारखाना ऑफिसात बदलायचं काम मला मिळालं, तेव्हा आठ दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. मालक माझ्याच वयाचे, वडील गेल्यावर मुंबईहून परत आलेले. त्यांना एकच हॉल तीन तऱ्हांनी वापरायचा होता. आठवडाभर एका कंपनीची दहा-बारा माणसं संगणकावर बसणार, दुपारनंतर अर्ध्या भागात मुलींचा प्रशिक्षण वर्ग, आणि शनिवारी सगळं मोकळं करून बागायतदारांची बैठक. म्हणजे भिंती हव्या होत्या, पण लागतील तेव्हाच.

मी सरकत्या भिंती सुचवल्या. छताखालच्या जुन्या लाकडी तुळईला रूळ, रुळाला टांगलेल्या उंच फळ्या आणि टेबलांना चाकं. काजूच्या तेलाचे काळे डाग पडलेली जमीन तशीच ठेवायची, मध्ये एकही खांब नाही. चित्रात तो हॉल इतका देखणा दिसत होता की मी ते चित्र कितीतरी जणांना दाखवलं.

सुतारकाम नेहमीच्या मेस्त्रींकडे दिलं. साठी ओलांडलेले, मितभाषी. मी आर्किटेक्चर शिकून गावी परतले तेव्हा मला कागदावर रेघा मारता येत होत्या, लाकडातलं काही कळत नव्हतं. ते ह्या माणसाने शिकवलं. माझ्या कितीतरी चुका त्यांनी निस्तरल्या, पण गिऱ्हाइकासमोर एकही कधी बोलून दाखवली नाही. बाजूला घेऊन सांगायचे.

ह्याही वेळी त्यांनी तेच केलं. शिडीवर चढून तुळई ठोकून पाहिली, खाली उतरले आणि मला मागच्या पडवीत नेलं.

"बाय, रूळ तुळयेक टांगू नको. पावसात कौलां पाणी पितत, जड होतत. तुळई दबता. तुझ्यो भिंती जमनीक घासतल्यो."

"अशी किती दबतली?"

"अर्दा बोट तरी. चार लोखंडी खांब उभे कर, रूळ त्येंच्यार बसव. मगे कौलांका काय होयां तां होवंदे."

खांब आले की माझं चित्र गेलं. मी म्हटलं, "मेस्त्रीनू, मी इंजिनिअराक विचारलंय. काय होवचा नाय."

मी कुणालाही विचारलं नव्हतं.

त्यांनी मान हलवली आणि मी दिलेल्या मापाने काम केलं. मे महिन्यात उद्‍घाटन झालं. भिंती एका बोटाने सरकत होत्या. लोक त्या पुन्हापुन्हा सरकवून बघत होते.

जुलैत मालकांचा फोन आला. वर्ग चालू असताना भिंत जमिनीत रुतल्यासारखी अडकली होती. दरवाजा भिंतीपलीकडच्या भागात होता. शेवटी पूर्वी माल चढवायच्या खिडकीतून, स्टुलावर पाय देत, मुलींना एकेक करून बाहेर काढावं लागलं. एकीची पोटरी चांगलीच खरचटली होती.

मी मेस्त्रींना घेऊन गेले. मालक दारातच उभे होते, शेजारी त्यांची आई.

"मॅडम, हे कसं काय झालं? दोन महिने नाही झाले."

खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. मेस्त्री माझ्या शेजारी होते, त्यांच्याशी मी गाडीत मालवणीतच बोलत आले होते. मी वळले आणि शुद्ध मराठीत विचारलं, "मेस्त्री, खाली किती जागा सोडलीत तुम्ही? ड्रॉइंगप्रमाणेच सोडलीत ना?"

ड्रॉइंगप्रमाणेच सोडली होती, हे मला ठाऊक होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वर तुळईकडे.

"कमी पडली असेल," ते सावकाश म्हणाले. "करून देतो साहेब."

"निदान मापं तरी नीट घ्यायची," मालक म्हणाले. आईकडे वळून त्यांनी 'कामचुकार' असा शब्द वापरला, तोही मी ऐकला.

दोन दिवस मेस्त्री एकेक फळी उतरवून खालून रंधा मारून कमी करत होते. मी चहा आणून दिला, तो त्यांनी घेतला. मला वाटत होतं, आता तरी चिडतील, बोलतील. चहा पिऊन ते पुन्हा रंध्याकडे वळले. मालकांच्या घराच्या माडीचं काम त्यांना मिळायचं होतं, ते पुढे दुसऱ्या सुताराकडे गेलं. मला ते कळलं आणि मी गप्प बसले.

दिवाळीनंतर मालकांनी पुन्हा बोलावलं. आता भिंतींखाली चांगली फट पडली होती. वर्गातलं सगळं बोलणं पलीकडे ऐकू जात होतं.

"आता वर कशा काय गेल्या?" त्यांना खरंच नवल वाटत होतं.

"कौलं वाळली," मी म्हटलं. "तुळई वर आली. मेस्त्रींनी मला आधीच सांगितलं होतं. खांब घाला म्हणाले होते. मापंही माझीच होती."

ते म्हणाले, "त्या दिवशी का नाही बोललात? मी त्या माणसाला आईसमोर नको ते म्हटलं."



मालक स्वतः मेस्त्रींच्या घरी जाऊन आले. मी दुसऱ्या दिवशी गेले. मेस्त्री घरासमोरच्या खळ्यात खिडकीची चौकट जोडत बसले होते.

"मेस्त्रीनू, माझा चुकला."

"बस," ते म्हणाले. चौकटीचा सांधा ठोकून बसवला. "खांबांचा काय नाय गो. तसा कोणाकय चुकता. पण त्या दिवशी तू माझ्याशी त्येंच्या भाषेत बोललंस. माका वाटला, मी कोण परको आसंय."

मी रडले असते तर त्यांनाच मला समजवावं लागलं असतं, म्हणून आवरलं.

खांब त्यांनीच बसवले, मालकांशी परस्पर ठरवून. मी तिथे गेले नाही. त्यानंतर माझ्या कामांना ते आले नाहीत. भाच्याला पाठवतात, तो चांगला सुतार आहे.

गेल्या महिन्यात ऑफिस बघायला आलेल्या एक बाई मला म्हणाल्या, "ह्या खांबांनी हॉलला शोभा आलीय. तुमची कल्पना का?"

"नाही, मेस्त्रींची," मी सांगितलं. पण सांगण्याआधी क्षणभर थांबले होते. हो म्हणून टाकावं, असं तेव्हाही मनात आलंच.