खरं सांगणाऱ्या जागो मॅडम

अतिदक्षता विभागात कोणी खळखळून हसतं, हे जागो मॅडम भेटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. काचेच्या दाराबाहेर आम्ही नातेवाईक तोंडं पाडून बसलेलो, आणि आतून एका बाईच्या हसण्याचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी मला त्याचा रागच आला. माझे बाबा आत व्हेंटिलेटरवर होते.

मॅडम तिथल्या मुख्य डॉक्टर. बुऱ्हाणपुरातल्याच लोधीपुऱ्यात वाढलेल्या, त्यामुळे एकाच वाक्यात हिंदीतून मराठीत आणि परत हिंदीत जायच्या. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण सिस्टरपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे मागून ‘जागो मॅडम’ म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं. सकाळी आल्या की प्रत्येक खाटेशी वाकून त्या सुरू करत, “काका, जागो! आज बुधवार आहे. तुम्ही बुऱ्हाणपुरात आहात, दवाखान्यात आहात. बाहेर तुमचा मुलगा चहा पिऊन पिऊन काळा पडलाय.”

मी हात जोडून म्हणालो होतो, “मॅडम, झोपू द्या ना त्यांना. फार थकलेत.”

“भैया, ही झोप नाहीये, हे औषध आहे,” त्या म्हणाल्या. “मी शिकत होते तेव्हा आम्हालाही पेशंट गाढ झोपलेला आवडायचा. आवाज नाही, त्रास नाही. आता जगभरातून उलटं समजतंय. जमेल तितकं हलकं औषध द्या, माणसाला लवकर जागं करा, त्याचा चष्मा त्याला द्या, घरचं माणूस जवळ बसू द्या. नाहीतर शरीर वाचतं आणि डोकं भरकटतं.” मग माझ्याकडे पाहून विचारलं, “चष्मा कुठाय त्यांचा?”

चष्मा मी गावी, फोपनारला, घरी कपाटात जपून ठेवला होता. हरवू नये म्हणून.

“सॉरी मॅडम, माझी चूक झाली, माझ्या लक्षातच...”

“माफी नंतर मागा. आधी मोटरसायकल काढा.”

त्यांची आणखी एक सवय मला फार आवडायची. नवीन काही वाचलं आणि आपलं जुनं चुकीचं निघालं, तर त्या ते लपवत नसत. एकदा सगळ्या सिस्टरना गोळा करून त्या सांगत होत्या, “मागच्या वर्षी मी पेशंटना लवकरात लवकर उभं करा म्हणून तुमच्या मागे लागायचे ना? आता वाचलंय की इतकी घाई करून उपयोग नाही, कधीकधी त्रासच होतो. तो माझा उत्साह जरा जास्तच होता. आजपासून बेतानं.” एक सिस्टर म्हणाली, “मॅडम, आमची कंबर मोडली तेव्हा सांगायचं होतं!” सगळ्यात मोठ्यानं हसल्या त्या मॅडमच.

बाबांची नळी निघाली तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. पण शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “काय रे, बाग पडली का?”

बाग पडली होती. बाबा तापानं फणफणलेले असतानाच वादळ आलं. दुसऱ्या दिवशी ते कोणाचं न ऐकता शेतात गेले, घडांसकट आडवी झालेली केळी त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि तिथेच कोसळले. पण एवढ्या तापातलं त्यांना काही आठवणार नाही असं आम्हाला वाटलं, आणि आजारी माणसाला असलं काही सांगायचं नाही, असं आई, काका आणि मी मिळून ठरवलं होतं. मी म्हणालो, “कसली पडली बाबा? उभी आहे. वादळ आलंच नाही.”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी आईला विचारलं, तिनंही तेच सांगितलं. काकांनी तर घड कसे भरलेत त्याचं वर्णन केलं. मग बाबांनी विचारणं सोडलं. जेवण सोडलं. सिस्टर खोटी आहे म्हणू लागले, हाताची सुई उपटायला लागले. भिंतीवर माकडं दिसतात म्हणून ओरडू लागले. आई पदरात तोंड घालून रडायची, “वाचले, पण डोकं गेलं यांचं.”

मॅडम खाटेवर त्यांच्या पायाशी बसल्या. “काका, काय झालं? बोलो.”

“मले काही समजत नही, पोरी,” बाबा म्हणाले. “मले जे दिसतं ते नसतंच म्हणे. मी येडा झालो.”

“काय दिसतं?”

“बाग पडलेली.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “पडली का बाग?”

मी बाबांच्या नकळत डोळ्यांनी खुणावू लागलो.

“मला डोळे मारू नका भैया. पडली की नाही?”

मी बाबांकडे वळलो. “पडली,” मी म्हणालो. “सगळी पडली बाबा. विहिरीपासून नाल्यापर्यंत.”

बाबांनी हळूच विचारलं, “सगळी नाल्याकडे तोंड करून पडली ना?”

“हो.”

“मंग!” बाबांनी खाटेच्या कठड्यावर हात आपटला. “मी सांगत होतो ना! अरे, मी येडा नही! बाग पडली!” आणि ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, मॉनिटर वाजू लागला, सिस्टर धावत आली.

“राहू दे, राहू दे,” मॅडम स्वतःही हसत म्हणाल्या. “बाग पडली म्हणून खूश झालेला शेतकरी पहिल्यांदाच बघतेय.”

माकडं लगेच गेली नाहीत. संध्याकाळी ती परत भिंतीवर यायची. पण आता मॅडम म्हणायच्या, “काका, बाग पडली हे मी तुमच्यापासून लपवू दिलं का? नाही ना? मग माकडं नाहीत, हेही मीच सांगतेय.” बाबा भिंतीकडे बघत, मग मॅडमकडे, आणि नाखुशीनं मान हलवत. पुढच्या आठवड्यात त्यांनी माकडांचं नाव काढलं नाही, आणि पेज दोनदा मागून घेतली.

मागच्या वर्षी मॅडम नागपूरला शिकवायला गेल्या. जाण्याआधी फोपनारला आमच्या घरी आल्या. बाबा गोठ्यात होते तेवढ्यात मी त्यांना इतके दिवस मनात दाबून ठेवलेलं विचारलं, “मॅडम, माझ्या खोटं बोलण्यानं बाबांना जास्त त्रास झाला का?” त्यांनी ‘छे छे’ म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

“झाला,” त्या म्हणाल्या. “ते घाबरले, ते तुमच्यामुळे. आणि रोज त्यांचा हात धरून बसलात, त्यानं ते सावरले. दोन्ही खरं आहे. एकच काय घेऊन बसता?”

इतकं हलकं मला कोणाच्याही ‘छे छे’नं वाटलं नसतं.

निघताना बाबा नव्या बागेतल्या केळ्यांची भली मोठी फणी घेऊन गाडीपाशी आले. “मॅडम, आपल्याकडची केळी. खरं सांगा, तिकडे अशी मिळतील का?”

मॅडमनी फणीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. “काका, खरं सांगू? मला केळी लहानपणापासून आवडत नाहीत.”

आईनं जीभ चावली. आणि बाबा असे हसत सुटले, की फणी मलाच धरावी लागली. त्यांना दम लागला, खोकला आला, तरी हसू थांबेना. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ते रस्त्यात उभे राहून ओरडत होते, “पोरी, पुढच्या वेळी हरभरे देतो! हरभरे!”