गाडी धरायची रीत

आमच्या कासारसाईला रेल्वे नाही. स्टेशन शेजारच्या मावळात. टेंपोनं फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून बांधाबांधानं चालायचं. पुणे-लोणावळा लोकलचं हे अगदी किरकोळ स्टेशन. आधी तर नुसता मुरमाचा भराव होता, डब्यात चढायचं म्हणजे गुडघा छातीला लागायचा. पुढं फलाट उंच झाला, पत्र्याची शेड आली, नळ आला. नळाला पाणी मात्र कधी आलं नाही. सकाळची लोकल गेली की दुपारपर्यंत गाडी नाही, म्हणजे दिवस बुडालाच.

त्यावर आमच्या लोकांनी रीत काढली होती, गाडी धरायची. आधी पोचलेल्यानं गार्डाच्या शेजारच्या डब्यात चढायचं आणि दारात उभं राहायचं. बांधावर कुणी पळताना दिसलं की हात वर धरायचा. गार्ड तो हात बघून अर्धा मिनिट थांबायचा. सगळे चढले की हात पुढं हलवायचा, म्हणजे जाऊ द्या. कायद्यात कुठं लिहिलेलं नव्हतं, पण चालायचं.

बारावीच्या पहिल्या पेपराला माझ्यासाठी गाडी धरली ती शेजारच्या आक्कानं. भाजीची पाटी फलाटावर टाकून बाई दारात आडवी उभी राहिली आणि गार्डावर खेकसली, "पोरीचं वरीस जाईल की! शिट्टी काय वाजवतुयास?"

पाचसहा वर्षांनी मला पुण्यात ऑफिसात नोकरी लागली. पंजाबी ड्रेस, पर्स, गळ्यात ओळखपत्र. डोक्यात अशी हवा गेली की विचारू नका! डब्यात तळेगावच्या दोघी रोजच्या मैत्रिणी झाल्या. गाडी आमच्या स्टेशनावर रेंगाळली की त्या विचारायच्या, "आज कोण राहिलंय गं, माणूस का शेळी?" मीही हसायचे. स्वतःच्याच गावाला.

त्या सकाळी दारात मीच उभी होते. बांधावर आक्का दिसली. गाठोडं काखेत, चपला हातात, धापा टाकत पळत येत होती. तिचा नवरा पुण्याच्या दवाखान्यात होता, आणि त्याचं जास्त झाल्याचा निरोप सकाळीच आला होता. हे मला ठाऊक होतं. मागून तळेगावची म्हणाली, "झालं, निघाली तुमची वरात!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गार्ड माझ्याकडं बघत होता. मी हात वर केला आणि पुढं हलवला. गाडी सुटली.

ऑफिसात उशीर झाला असता म्हणून तसं केलं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. खोटं आहे. मला आक्काची लाज वाटली, बास.

आक्का पोचली ती दुपार उलटल्यावर. नवऱ्याची शुद्ध गेली होती. सकाळभर तो "आली का?" म्हणून विचारत होता, असं शेजारच्या खाटेवरच्यानं तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

दहाव्याला गेले, तर आक्कानं मला ओढून जवळ बसवलं. बायकांना म्हणाली, "हिनं लई हात केला गं. मी बांधावरनं बघत हुते. त्या मुडद्यानंच थांबवली न्हाई गाडी."

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "व्हय ना आक्का. त्याला मायाच न्हाई."

पुढच्या आठवड्यात गावातल्या बाप्यांनी गार्डाला फलाटावर गाठलं. नको नको ते बोलले. त्यानं फक्त दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. त्याच्या जागी मी असते तर बोट दाखवून मोकळी झाले असते. मी पर्समध्ये पास शोधायला लागले. पास हातातच होता. त्यानं शिट्टी दिली.

त्यानंतर त्या गार्डानं आमच्या गावासाठी गाडी कधी धरली नाही. किती जणांनी हात वर केले, किती जण बांधावरूनच परत फिरले. सगळे त्यालाच शिव्या घालत.

आक्का अजून आहे. वालाला शेंगा धरल्या की पहिली ओंजळ माझ्या दारात आणून ओतते. "तवा तू हात केला हुतास, इसरले न्हाई मी," म्हणते.

मी शेंगा घेते.